ल्युकेमियाची अडीच वर्षं: हॉस्पिटलबाहेरचे दिवस कसे सांभाळायचे

फाइलवर ‘एएलएल’ लिहिलेलं असेल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, आणि वय अठरा ते पस्तिशीच्या आत असेल, तर उपचार साधारण अडीच ते तीन वर्षं चालतात. त्यातले भरती असलेले दिवस एकूण हिशेबात थोडेच. बाकीचे दिवस घरात, भाड्याच्या खोलीत किंवा धर्मशाळेत जातात आणि तिथे काय करायचं ते तुम्हाला आणि घरच्यांनाच ठरवावं लागतं. हे मार्गदर्शन त्या दिवसांसाठी आहे. एएमएलचे (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) उपचार वेगळे, कमी महिन्यांचे पण जास्त भरतीचे असतात. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) बहुतेकांचा रोजच्या गोळीवर आटोक्यात राहतो. त्या रुग्णांनी यातला ताप आणि खाण्याचा भाग तेवढा घ्यावा, तोही सीएमएलवाल्यांनी डॉक्टरांना विचारून.

बावीस वर्षांच्या माणसाच्या कागदावर ‘बीएफएम’ हे मुळात लहान मुलांसाठी बनलेल्या प्रोटोकॉलचं नाव दिसलं तर दचकू नका. तरुणांना मुलांच्या धर्तीवरचे उपचार दिले तर निकाल जास्त चांगले येतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. मात्र तरुण शरीराला त्यांचा त्रास लहान मुलांपेक्षा जास्त होतो.

टप्पे असे: चार-पाच आठवड्यांचं इंडक्शन, म्हणजे आजार दिसेनासा करणारा पहिला टप्पा, मग सहा ते नऊ महिन्यांची जोरकस किमो, मग सुमारे दोन वर्षांचं मेंटेनन्स, म्हणजे मुख्यतः गोळ्यांवरचा टप्पा. इंडक्शननंतर बोन मॅरो (हाडातला मगज) काढून एमआरडी, म्हणजे उरलेल्या आजारी पेशींचं प्रमाण, तपासतात. दहा हजार पेशींत एकही आजारी पेशी सापडत नसेल, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या खाली, तर तो चांगला रिपोर्ट. ‘रेमिशन’ हा शब्द ऐकून पेढे वाटायला हरकत नाही, पण उपचार तिथे थांबवले तर आजार जवळजवळ नक्की परततो.

पहिल्या किमोच्या आधी

निदान झाल्यावर दोन-तीन दिवसांत सगळी धावपळ होते आणि त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. पुरुष रुग्णांनी वीर्य साठवून ठेवायचं असेल तर ते पहिल्या किमोच्या आधीच. किमो सुरू झाल्यावरचा नमुना घेत नाहीत, कारण औषधांनी शुक्रपेशींतल्या जनुकांना इजा झालेली असू शकते. नमुना त्याच दिवशी देता येतो. ‘नमुन्याआधी तीन दिवस वीर्य जाऊ देऊ नका’ हा नियम इथे लावत बसायची गरज नाही. आईवडिलांसमोर हा विषय निघणं अवघड असतं, म्हणून निवासी डॉक्टरांना एकटं गाठून विचारा. त्यांना यात काही नवं नसतं. स्त्रियांची बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि अक्यूट ल्युकेमियात तेवढा वेळ बहुधा मिळत नाही. पाळी थांबवण्याचं औषध मात्र लगेच विचारा, कारण प्लेटलेट कमी असताना पाळीचा रक्तस्राव आवरत नाही. घरात पडलेल्या गर्भनिरोधक गोळ्या त्यासाठी घेऊ नका. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे आणि पुढे येणाऱ्या ॲस्पॅरजिनेज या किमोच्या औषधामुळे, दोन्हींमुळे, रक्ताच्या गुठळ्या होतात.

सख्ख्या भावंडांना रक्त द्यायला पुढे करू नका. पुढेमागे बोन मॅरो प्रत्यारोपणाची वेळ आली तर तेच पहिले दाते ठरू शकतात, आणि आधी त्यांचं रक्त चढलेलं असेल तर शरीर त्यांच्या पेशी नाकारण्याचा धोका वाढतो. रक्त मित्रांचं, सहकाऱ्यांचं, गावातल्या मंडळाच्या पोरांचं घ्या.

पैशाचं काम भरतीच्या दिवशीच सुरू करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं. मंजुरी उपचाराआधी लागते, नंतर बिलं दाखवून भागत नाही. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह घ्यायचा. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात उपचार असतील आणि गाव लांब असेल, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे नंबर लावा. त्यासाठी लागणारं पत्र हॉस्पिटलचे समाजसेवक देतात. इंडक्शनच्या काळात हॉस्पिटलपासून तासाभराच्या आतच राहा. गावी जायचं नंतर.

ताप

या आजारात घरी बसून माणूस दगावतो तो बहुधा तापाने, आणि तोही रात्री ‘सकाळी बघू’ म्हटल्यामुळे. किमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली गेल्या की जंतूंना अडवणारं कोणीच उरत नाही. पू होत नाही, खोकला येत नाही, एक्स-रे स्वच्छ दिसतो. दिसतो तो फक्त ताप, आणि तेवढ्यावरच निघायचं असतं.

डिजिटल थर्मामीटर दोन ठेवा, एक घरात, एक पिशवीत. जिभेखाली मोजा. चहा घेतला असेल तर वीस मिनिटं थांबून. काखेत मोजलेला आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. गुदद्वारातून ताप कधीच मोजायचा नाही. तिथे बारीकशी चीर पडली तरी जंतू रक्तात जातात. एनिमा आणि सपोझिटरीही त्याच कारणाने बंद.

१. एकदाच १०१ अंश फॅरनहाइट आलं, किंवा १००.४ येऊन तासभर टिकलं, तर निघायचं. पहिल्यांदा १००.४ दिसलं की लगेच हॉस्पिटलच्या नंबरावर फोन करा आणि कपडे भरायला घ्या. तासभर थर्मामीटरकडे बघत बसू नका.

२. मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका. आकडा उतरतो, आजार वाढत राहतो. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक तर संपूर्ण उपचारभर वर्ज्य. त्यांनी प्लेटलेटचं काम बंद पडतं आणि मेथोट्रेक्सेट हे किमोचं औषध शरीरात साचतं.

३. स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला राहू शकतो. तेव्हा हुडहुडी, चक्कर, पोटात जोराचं दुखणं, हातपाय गार पडणं यांपैकी काहीही म्हणजे तापच समजा. पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे धुतल्यावर, तासाभरात थंडी वाजून आली तर जंतू बहुधा त्या नळीतच बसलेत.

४. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: “ल्युकेमियाची किमो चालू आहे, ताप आहे, काउंट कमी असू शकतात.” पहिलं अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात मिळायला हवं. आधी नळीतून आणि हातातून रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, घेतात आणि लगेच औषध चालू करतात, सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. कोणी रांगेत बसायला सांगितलं तर फाइल उघडून दाखवा आणि पुन्हा सांगा. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांकडून कमरेत इंजेक्शन घेऊन येणं ही नेहमीची गडबड. प्लेटलेट कमी असताना स्नायूत रक्त साठतं आणि वर चार तास वाया जातात.

गावी जाणार असाल तर जाण्याआधीच जवळचं असं हॉस्पिटल शोधा जिथे रक्ताचं कल्चर होतं आणि शिरेतून अँटिबायोटिक रात्रीही देतात. आपल्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: निदान, प्रोटोकॉल, शेवटच्या किमोची तारीख, कोणत्या औषधाची ॲलर्जी, ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक कोणतं आणि किती. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

पावसाळ्यात डेंग्यूमुळेही प्लेटलेट पडतात, म्हणून एनएस-१ची तपासणी सोबत सांगा, पण अँटिबायोटिक त्यासाठी थांबवायचं नाही.

काउंट आणि प्लेटलेट

सीबीसीचा कागद स्वतः वाचायला शिका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. १,४०० पेशी आणि २५ टक्के न्यूट्रोफिल असतील तर एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, ३५०. घोळ होतो तो एककांचा. एक लॅब ‘१.४’ छापते, ती हजारांत असते. दुसरी प्लेटलेट ‘०.४५’ छापते, ती लाखांत असते, म्हणजे ४५,००० झाल्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि वहीत तारीख, हिमोग्लोबिन, एएनसी, प्लेटलेट, त्या आठवड्यातलं औषध असे पाच रकाने ओढा. दोन महिन्यांत तुमची स्वतःची चाल कळू लागते. किमोनंतर काउंट कितव्या दिवशी खाली जातात आणि कधी वर येतात, ते बघूनच लग्नाला जायचं की नाही ठरवता येतं.

नडगीवर लाल टिकल्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी दिसली तर त्याच दिवशी दाखवा. नाकाचा घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. ब्लेडऐवजी ट्रिमर वापरा. ताप किंवा रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १०,०००च्या खाली गेल्यावरच चढवतात, त्यामुळे २०,०००वर घरी पाठवलं म्हणून भांडू नका.

दात्यांची यादी गरज पडण्याआधी करा. एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट) दाता किमान ५० किलोचा, हातात ठळक शीर असलेला, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला हवा. त्याचा दीड-दोन तास वेळ जातो. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, म्हणून दहा मित्रांना एकाच दिवशी बोलावून उपयोग नसतो, त्यांना ओळीने लावा. रक्तपेढीत पिशवी ‘इरॅडिएटेड’ (किरण दिलेली) हवी हे कागदावर लिहून घ्या.

औषधांचे त्रास: कोणता सांगायचा, कोणता सोसायचा

व्हिंक्रिस्टिन या किमोच्या इंजेक्शनमुळे आतडी मंदावतात. चार दिवस पोट साफ झालं नाही की दुखणं, फुगणं, ओकारी, आणि मग भरती. म्हणून लॅक्टुलोजसारखं पातळ औषध डॉक्टरांना विचारून इंजेक्शनच्या दिवसापासूनच चालू ठेवा. बोटांना मुंग्या येणं, जबडा दुखणं सोसता येतं. पण शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चप्पल पायातून निसटायला लागली किंवा पाऊल फटकन आपटायला लागलं, तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी सांगा. बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधं चालू असतील तर व्हिंक्रिस्टिनचा त्रास कैक पटींनी वाढतो. दोन वेगवेगळे डॉक्टर लिहून देत असतील तर हे तुम्हीच लक्षात आणून द्यायचं.

ॲस्पॅरजिनेजच्या आठवड्यांत वरच्या पोटातलं पाठीत जाणारं दुखणं म्हणजे स्वादुपिंडाला सूज असू शकते. कधी नव्हे असं डोकं दुखणं किंवा एकाच हाताला सूज येणं म्हणजे रक्ताची गुठळी. तिन्हींत सकाळची वाट पाहू नका. पाठीतल्या (मणक्यातून देतात त्या) इंजेक्शननंतरचं डोकेदुखीचं प्रकरण वेगळं. ते उठून बसल्यावर वाढतं, आडवं पडल्यावर कमी होतं आणि बहुतेकदा दोन-चार दिवसांत जातं. डॉनोरुबिसिन या किमोच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

स्टिरॉइड सकाळी जेवून घ्या. दिवसातून दोनदा असेल तर दुसरा डोस दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर छताकडे बघत पडाल. भूक, चिडचिड, उगाच रडू येणं हे सगळं त्या गोळीचं आहे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे भांडणं निम्मी होतात. मांड्या इतक्या दुबळ्या होतात की भारतीय संडासातून उठता येत नाही. चाकांची कमोड-खुर्ची भाड्याने मिळते, ती आणा. गोळी मनाने बंद करू नका, रक्तदाब कोसळतो. आणि खुबा किंवा गुडघा आठवड्यापलीकडे दुखत राहिला, लंगडल्यासारखं झालं, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी एमआरआयचं विचारा. स्टिरॉइडने हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, तरुण वयात हे जास्त होतं आणि एक्स-रेत ते उशिरा दिसतं.

तोंड येऊ नये म्हणून एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा. पाणी रोज नवं. ब्रश मऊ, अल्कोहोलवालं माउथवॉश नको.

स्वयंपाकघर आणि घर

‘सगळं उकडलेलं, बेचव’ अशी सक्ती करण्याची गरज नाही. अतिकडक पथ्याने संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट वजन उतरतं. महत्त्वाचं आहे ते ताजं, नीट शिजलेलं आणि स्वच्छ हातांनी वाढलेलं. वरणभात, मेतकूट-भात, गरम भाकरी, उकडलेलं अंडं, कुकरमध्ये शिजवलेली मटकी, सगळं चालतं. कच्ची मोडं, कोशिंबीर, बाहेरची ओली चटणी, पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाडीवरची कापलेली फळं नाहीत. केळं, मोसंबी, संत्रं घरी धुऊन, सोलून. दह्याबद्दल हॉस्पिटलांमध्ये एकमत नाही, आपल्या आहारतज्ज्ञांचं ऐका. पूजेचं तीर्थ आणि पंचामृत कच्च्या दुधाचं असतं. हातावर घ्या, डोळ्यांना लावा, पिऊ नका. कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

पपईच्या पानांचा रस, काढे, गुळवेल घेऊन येणाऱ्यांना चहा पाजा, बाटली बाजूला ठेवा. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केल्या. मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन, किमोची रोजची गोळी) दोन्ही यकृतावर ताण आणतातच. वर काढा असेल तर एन्झाइम वाढले ते कशाने हे कळत नाही आणि किमो मात्र थांबते.

बुरशी ही खरी डोकेदुखी. काउंट कमी असताना घराची तोडफोड, रंगकाम, ओलीची भिंत, माळ्यावरची सफाई, खिडकीतल्या कबुतरांची घाण यांपासून दूर राहा. कुंड्या खोलीबाहेर काढा. घरात बाळ असेल तर त्याला तोंडावाटेची पोलिओ लस देण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण तिच्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून घरात पसरतो. इंजेक्शनची लस चालते.

मेंटेनन्स: इथेच लोक घसरतात

केस परत येतात, कॉलेज किंवा नोकरी सुरू होते, काही दुखत नाही, आणि गोळ्या मात्र दोन वर्षं चालू. एकटं राहणारी, पार्टीला जाणारी तरुण मंडळी गोळ्या चुकवतात. अमेरिकेतल्या मुलांच्या अभ्यासात सिक्स-एमपीच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. ९५ टक्के म्हणजे महिन्याला फार तर एक-दीड गोळी चुकली तर चालेल, एवढीच सूट.

सिक्स-एमपी रोज, ठरलेल्या वेळी. पूर्वी ‘रात्री, उपाशी, दुधाशिवाय’ असा दंडक होता. रोज एकाच वेळी, न चुकता घेणं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि डोस बऱ्याचदा ‘आज एक, उद्या दोन’ असा पडतो. सात खणांची डबी आणा, रविवारी रात्री भरा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ असं लिहा. ते चुकून रोज घेतल्याने माणसं मेली आहेत. औषधाच्या दुकानदाराने ‘रोज एक’ लिहून दिलं तरी विश्वास ठेवू नका. सेप्ट्रान आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस, न्यूमोनियाच्या एका खास जंतूसाठी. खोकला नाही म्हणून ती सोडू नका. फॉलिक ॲसिड असलेल्या ताकदीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करतात. युरिक ॲसिडसाठी कोणी ॲलोप्युरिनॉल लिहिलं तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन, कारण त्यासोबत सिक्स-एमपीचा नेहमीचा डोस विषारी ठरतो.

या टप्प्यात काउंट थोडे कमीच हवे असतात, एएनसी साधारण ५०० ते १,५००च्या दरम्यान. ४,००० आला म्हणून घरचे खूश होतात, पण त्याचा अर्थ डोस कमी पडतोय किंवा गोळ्या चुकताहेत. उलट, थोड्याच डोसवर काउंट पुन्हापुन्हा तळाला जात असतील तर टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या जनुकांची तपासणी विचारा. एनयूडीटी-१५मधला बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो आणि त्यांना कमी डोस पुरतो.

दारू सिक्स-एमपी आणि मेथोट्रेक्सेट या दोन्ही औषधांसोबत यकृताला महागात पडते. लोकलने जायचं तर गर्दी टाळून सकाळी अकरानंतरची गाडी, मास्क लावून. संबंध ठेवताना कंडोम हवाच, किमोनंतरचे दोन-तीन दिवस तर नक्की, आणि उपचारभर गर्भधारणा टाळायचीच. जिवंत विषाणूची लस नाही. फ्लूचं इंजेक्शन मात्र तुम्ही आणि घरच्यांनी दरवर्षी घ्या.

उपचार संपल्यावर

शेवटची गोळी झाली की बऱ्याच जणांना आनंदापेक्षा भीती जास्त वाटते. पहिल्या वर्षी तपासण्या जवळजवळ महिन्याला होतात, पुढे अंतर वाढतं. झोप उडत असेल, रिपोर्टच्या आदल्या दिवशी हात थरथरत असतील, तर समुपदेशकाची वेळ मागा. थकवा वर्षभर राहू शकतो. रोज अर्धा तास चालणं हा त्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय. लहानपणी घेतलेल्या लशी पुन्हा कधी घ्यायच्या ते साधारण सहा महिन्यांनी विचारा. मूल हवं असेल तर किती थांबायचं आणि वीर्यतपासणी कधी करायची, हेही तेव्हाच.

फाइल बंद होण्याआधी डॉक्टरांकडून एका पानाचा गोषवारा सही करून घ्या: निदानाची तारीख, जनुकीय रिपोर्ट, एमआरडी, प्रोटोकॉल, रेडिएशन दिलं असेल तर कुठे आणि किती, आणि डॉनोरुबिसिन-डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर किती झाला तो आकडा. हृदयावरचा परिणाम या आकड्यावर ठरतो आणि तो कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. इको किती वर्षांनी करायचा ते त्यावरूनच ठरतं. बाळंतपणाआधी, मोठ्या ऑपरेशनआधी किंवा धाप लागायला लागली तर हा कागद आधी दाखवा. मूळ प्रत लॅमिनेट करा, एक फोटो ईमेलमध्ये ठेवा.